पार्टनर पकडा

मॅलरी टॉवर्सच्या पहिल्या पुस्तकात स्टेशनवर एक मुलगी रडते आणि तिथल्या तिथे तिचा निकाल लागतो. टर्मचा पहिला दिवस आहे. कॉर्नवॉलला जाणारी शाळेची गाडी फलाटाला लागली आहे, तपकिरी कोट आणि नारिंगी पट्टीच्या टोप्या घातलेल्या मुलींची गर्दी आहे. बारा वर्षांची डॅरेल रिव्हर्स पहिल्यांदाच घर सोडते आहे, पण आईचा निरोप ती शहाण्यासारखा घेते. पलीकडे ग्वेंडोलिन मेरी लेसी आहे. लांब सोनेरी केस, आईबापांची एकुलती एक, आजवर घरीच शिकलेली. तिला पोचवायला आई आणि घरच्या शिक्षिका मिस विंटर आल्या आहेत आणि रडारड काही केल्या थांबत नाही. ही ग्वेंडोलिन पुढे सहा पुस्तकांत कुणालाच आवडत नाही. वाचणाऱ्या मुलीलाही ती आवडू नये, हे एनिड ब्लायटन यांनी पहिल्या प्रकरणातच पक्कं करून टाकलं आहे.

मी हे पुस्तक हातात घेतलं ते पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या लायब्ररीत, सहावीत असताना. कराडच्या मराठी शाळेतून थेट तिथे गेले होते. इंग्रजी सुधारेल, धीट होईल, असं बाबांचं म्हणणं होतं. आईचं काय म्हणणं होतं ते तिने बोलून दाखवलं नाही, पण ट्रंकेतला प्रत्येक कपडा तिने दोनदा घडी घालून ठेवला होता. होस्टेल म्हणजे काय याची माझी सगळी कल्पना फास्टर फेणेवरून आलेली. भा. रा. भागवतांचा बन्या फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनच्या होस्टेलात राहणारा. सायकल, चोरांचा पाठलाग, 'टॉक्' असा आवाज, आणि सुभाष देसाई पाठीशी. बन्याला रात्री घर आठवून झोप लागत नाही असं कधी मी वाचलं नव्हतं. त्यामुळे वाईच्या पुढे पसरणीचा घाट चढताना माझ्या पोटात जे काही होऊ लागलं, ते गाडी लागल्यामुळे होतंय असंच मला वाटलं.

पहिल्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. शेजारच्या कॉटवरून 'शूऽऽ' आलं. मग काही दिवसांनी डॅरेल आणि ग्वेंडोलिन भेटल्या, आणि एक गोष्ट मला लख्ख कळली. रडणारी ती ग्वेंडोलिन. त्यानंतर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायला लागले. इतर मुलीही तेच करत होत्या हे उशिरा लक्षात आलं, कारण सकाळी प्रेयरच्या आधी सगळ्यांना एकदमच पाणी कसं लागतं, असं मेट्रन वैतागून विचारायच्या.

पुस्तकातले अर्धे शब्द तेव्हा मला अडायचे. लॅक्रॉस म्हणजे कसला खेळ ते कळायला मार्ग नव्हता, आम्ही थ्रोबॉल खेळायचो. समुद्राकाठच्या खडकात खोदलेला, भरतीच्या पाण्याने भरणारा पोहण्याचा तलाव मी नुसता कल्पनेने पाहायचे, कारण आमच्याकडे पाणी म्हणजे जून ते सप्टेंबर डोक्यावर कोसळणारा पाऊस. पण कोण कुणाशेजारी बसली, कुणी कुणाला सोडून कुणाचा हात धरला, हे समजायला डिक्शनरी लागली नाही. तेवढं मी पहिल्या वाचनात घडाघडा वाचलं.

आमच्या होस्टेलात घराची आठवण सांगायला जागा नव्हती. पत्रांचाही त्यासाठी काही उपयोग नसायचा. शनिवारी दुपारी सगळ्यांनी वर्गात बसून आंतरदेशीय पत्र लिहायचं. सुरुवातीची दोन वाक्यं फळ्यावर असायची. मी इथे मजेत आहे, तुम्ही सर्व मजेत असाल अशी आशा आहे. मग स्पेलिंग तपासायला म्हणून बाई ते पत्र वाचायच्या आणि त्यानंतरच ते चिकटवायचं. एवढ्या लोकांनी वाचलेल्या पत्रात कुणी काय लिहिणार? मी हवामान लिहायचे. धुकं फार आहे. काल टेबललँड दिसलंच नाही. आई ते वाचून स्वेटर पाठवायची.

जे पत्रात मावत नव्हतं ते खाऊच्या डब्यात असायचं. स्टीलचा उभा डबा, झाकणावर बाबांचं नाव कोरलेलं. तो डबा आईच्या लग्नातला होता. शंकरपाळे, तळाशी बेसनाचे लाडू, मधे वर्तमानपत्राचा गोल कापून घातलेला कागद. हे डबे मेट्रनच्या ताब्यात, कुलपात. रविवारी जेवणानंतर खोली उघडायची आणि आम्ही रांगेत उभ्या राहायचो. झाकण निघायला घट्ट असायचं, आणि ते निघताच आमच्या कराडच्या स्वयंपाकघराचा वास यायचा. मी आधी वास घ्यायचे, मग खायचे. लाडू संपले तरी तळाचा कागद मी फेकू दिला नाही. त्यावर 'सकाळ'मधली सिनेमाची जाहिरात होती, ती मला पाठ झाली होती.

मॅलरी टॉवर्समधली खरी घर तुटलेली मुलगी ग्वेंडोलिन नाही, सॅली होप आहे. हे मला त्या वयात अंधुक जाणवलं, आणि पुढे प्रत्येक वाचनात अधिक पटत गेलं. पहिल्या पुस्तकात सॅली कुणाशी बोलत नाही, हसत नाही, कोरडीठाक वागते. रडण्याचं तर नावच नाही. सुट्टीत डॅरेलच्या आईकडून कळतं की सॅलीला एक लहान बहीण आहे. डॅरेल तिला सहज विचारते तर सॅली ठाम नाकारते. मला बहीण नाही. डॅरेल पुन्हा पुन्हा तेच काढते तेव्हा सॅली भडकते, डॅरेलचाही राग अनावर होतो आणि ती तिला ढकलते. सॅली पडते. त्यानंतर सॅली खूप आजारी होते आणि हे आपल्यामुळेच झालं या धास्तीने डॅरेलची झोप उडते. दुखणं निघतं अपेंडिक्सचं. डॅरेलचे वडील सर्जन, तेच रात्री येऊन ऑपरेशन करतात.

खरं दुखणं अर्थात पोटात नव्हतं. घरात बाळ आलं आणि आपल्याला शाळेत धाडलं, म्हणजे आपली जागा गेली, असं सॅलीच्या मनाने घेतलं होतं. म्हणून तिने बाळच नाही असं ठरवलं. आई बाळाला मागे ठेवून एकटी तिला भेटायला येते तेव्हा तिचा गोठलेला चेहरा पहिल्यांदा सैल होतो. मुलांसाठी भराभर पुस्तकं लिहिणाऱ्या, आणि त्याबद्दल समीक्षकांचा बराच मार खाल्लेल्या लेखिकेने हे फार नेमकं पकडलं आहे. घराची आठवण येणं आणि घराचा राग येणं एकाच मुलीत, एकाच वेळी असतं, आणि बाहेर दिसतो तो नुसता अबोला.

हे त्यांना कुठून कळलं असेल, याचा अंदाज मला मोठेपणी त्यांचं चरित्र वाचून आला. ब्लायटन स्वतः बोर्डिंगमध्ये कधी राहिल्या नव्हत्या. बेकनहॅमच्या सेंट ख्रिस्तोफर्स शाळेत त्या घरून जायच्या, शेवटी तिथे हेड गर्ल झाल्या. जन्म 1897 चा. 1910 मध्ये, त्या तेरा वर्षांच्या होत असताना, वडील घर सोडून दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेले. फुलं, पाखरं, पुस्तकं यांची गोडी त्यांना वडिलांनीच लावलेली, आणि लेकीचं सगळं जग त्यांच्याभोवती. आईने मुलांना बजावलं की कुणी विचारलंच तर बाबा बाहेरगावी गेलेत असं सांगायचं. बार्बरा स्टोनी यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात हे लिहिलं आहे. ते वाचताना मला सॅली आठवली. एक मुलगी असलेली बहीण नाही म्हणते, दुसरी नसलेले वडील आहेत म्हणते. दोघींना शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर चेहरा सरळ ठेवायचा आहे.

पुढचं आयुष्यही या पुस्तकांना लागूनच आहे. 1942 मध्ये ब्लायटन यांचा पहिला संसार मोडला, 1943 मध्ये त्यांनी केनेथ डॅरेल वॉटर्स या सर्जनशी लग्न केलं. नायिकेचं नाव तिथून आलं, नायिकेच्या वडिलांचा पेशाही. मुली जिलियन आणि इमोजेन बोर्डिंगमध्ये गेल्या, आणि त्यांच्या सख्ख्या वडिलांशी त्यांची पुन्हा भेट होऊ दिली गेली नाही. जिलियन बेनेंडन शाळेत होती. ही शाळा मूळची केंटमधली, पण युद्धाच्या काळात ती कॉर्नवॉलला न्यूकीत, समुद्राकाठी हलवली होती. चार मनोऱ्यांची, कड्यावरची, लाटांच्या आवाजात झोपणारी मॅलरी टॉवर्स 1946 मध्ये आली. त्या पुस्तकातल्या डॅरेलचे आईवडील सुट्टीत मोटारीतून हजर होतात, दोघंही, न चुकता. मला त्या प्रसंगांत आता एका आईचं मागणं ऐकू येतं. धाकट्या इमोजेनने 1989 मध्ये आठवणी लिहिल्या, त्यात आईच्या दुराव्याबद्दल सडेतोड लिहिलं आहे. पुस्तकं वाचून भारावलेल्या माझ्यासारखीने त्या आठवणीही वाचाव्यात असं मला वाटतं. त्याने पुस्तकं लहान होत नाहीत.

आता मैत्रीचं.

डॅरेलला पहिल्या दिवसापासून हवी असते ॲलिशिया. हुशार, तिखट जिभेची, खोड्या काढून वर्ग हसवणारी. पण ॲलिशियाची मैत्रीण बेटी आधीच आहे, दुसऱ्या मनोऱ्यात राहणारी. ॲलिशिया डॅरेलला नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. दिवसभर हसतखेळत बरोबर, आणि बेटी दिसली की निघाली. दरम्यान घाबरट मेरी-लू डॅरेलच्या मागे मागे असते. डॅरेलला ती नको असते, अगदी ॲलिशियाला डॅरेल जशी जादा असते तशीच. ही तिघींची ओढाताण वाचताना माझे हातपाय गार पडायचे.

कारण बोर्डिंगमध्ये मैत्रीण ही आवडीची बाब नसते, गरजेची असते. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी फिरायला न्यायचे. फाटकापाशी मेट्रन ओरडायच्या, 'पार्टनर पकडा!' आणि तेवढ्या हाकेत तीस-चाळीस मुलींच्या जोड्या लागायच्या. दोघी-दोघींची रांग, सिल्व्हर ओकच्या रस्त्याने टेबललँडच्या चढापर्यंत. जिला पार्टनर नाही ती मेट्रनबरोबर, रांगेच्या शेवटी. जेवणाच्या टेबलावर तसंच, लॅबमध्ये तसंच, दिवे गेल्यावर बाथरूमला जायचं तरी तसंच. मैत्रीण असली की होस्टेलात आपलं कुठेतरी घर आहे असं वाटायचं, आणि नसली की त्या एवढ्या मोठ्या इमारतीत आपण पाहुणे.

माझी पार्टनर नागपूरची होती. नावापेक्षा गावावरूनच एकमेकींना हाक मारायची पद्धत होती. ती नागपूरवाली, मी कराडवाली. पहिल्या रात्री 'शूऽऽ' केलं होतं ते तिनेच, आणि दुसऱ्या रात्री कॉटमधल्या फटीतून हात पुढे करून गोळी दिली होती तीही तिनेच. संत्र्याची गोळी. ती मराठी बोलायची तेव्हा तिचं 'काहून' ऐकून बाकीच्या हसायच्या आणि ती त्यांच्याकडे बघायचीही नाही. ब्लायटनची पुस्तकं आम्ही एकत्र वाचायचो, एक पान तिने, एक पान मी, अडलेला शब्द सोडून पुढे. तिला ॲलिशिया आवडायची. मला सॅली. ऑपरेशननंतर सॅली आणि डॅरेल जिवाभावाच्या मैत्रिणी होतात आणि आता हे कायमचं झालं असं मला वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकाने तो समज मोडला. 1948 मधलं ते पुस्तक. टर्म सुरू होते तेव्हा सॅली आजारपणामुळे आलेली नसते, आणि तिकडे ॲलिशियाची बेटीही नसते. मग दोघी उरलेल्या, डॅरेल आणि ॲलिशिया, सहजच एकत्र येतात. भांडण नाही, ठरवून काही नाही. शेजारची जागा रिकामी असते म्हणून. सॅली परत येते तेव्हा तिला जे वाटतं, ते मला त्याच वर्षी वाटत होतं.

आमच्या डॉर्ममध्ये नवी मुलगी आली होती, आईवडील मस्कतला. मराठीच, पण तिकडे वाढलेली. काही महिन्यांत नागपूरवाली तिची पार्टनर झाली. कशावरून कट्टी झाली म्हणावं तर तसं काही घडलं नाही. एका रविवारी 'पार्टनर पकडा' झालं, मी नेहमीसारखी डावीकडे वळले, तर तिथे कुणी नव्हतं. त्या रात्री मला जे वाटलं ते मैत्रीण गेल्याचं दुःख नव्हतं. मला कराड आठवलं. पहिल्या रात्रीसारखं सगळं पुन्हा, अंगण, आजीची खोकल्याची उबळ, रात्री दहाची एसटी चौकात वळताना होणारा आवाज. इतके महिने मिटलेलं घर एका मुलीने हात सोडल्याबरोबर उघडं पडलं. पुढे ज्या ज्या बोर्डिंगमध्ये वाढलेल्या माणसांशी बोलले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हेच सांगितलं. मैत्रीण तुटली की आई आठवते. ही दोन दुःखं वेगळी नसतात.

नागपूरवाली का गेली, हे मला कळायला फार वर्षं लागली. आम्ही दोघी आता साठीच्या आसपास आहोत, ती अमरावतीला असते, आमचं फोनवर बोलणं असतं. तिच्या नातीसाठी तिने मॅलरी टॉवर्सचा सगळा संच आणला. त्यावर 2020 मध्ये बीबीसीने मालिका काढली, ती नातीने पाहिली आणि मग पुस्तकं मागितली. त्या निमित्ताने आमच्या दोघींचं वाचन पुन्हा सुरू झालं, फोनवर, आणि तिसऱ्या वर्षाचं पुस्तक आलं तेव्हा मी तिला सरळ विचारलं.

ती म्हणाली, 'तुझी आई यायची ना.'

आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी भेटायला परवानगी होती. कराड काही लांब नाही. आई-बाबा आणि धाकटा भाऊ न चुकता यायचे, आवारातल्या झाडाखाली सतरंजी पसरायची, डबे उघडायचे. नागपूरहून महिन्याला कोण येणार? म्हणून आई आग्रहाने तिलाही आमच्यात बसवायची. पहिल्या काही वेळा ती आली. मग तिचं पोट दुखायला लागलं. दर भेटीच्या रविवारी पोट दुखायचं, आणि आई तिच्यासाठी ताट झाकून माझ्याबरोबर पाठवायची.

'जेवणाचं काही नाही,' ती म्हणाली. 'जेवण झालं की तुझी आई तुला पुढ्यात घ्यायची आणि केसांना तेल लावायची. तुझं झालं की मला म्हणायची, ये गं, बस. तिचा हात डोक्यावर आला की मला माझी आई इतकी आठवायची की मला ते सोसायचंच नाही. मी डॉर्ममध्ये जाऊन बसायची. मग ती मस्कतवाली आली. तिचंही कुणी यायचं नाही. सगळं होस्टेल खाली सतरंज्यांवर, आणि वर आम्ही दोघी पत्ते खेळायचो.'

मी माझ्या आईचा तो हात आठवून पाहिला. कोमट खोबरेल, बांगड्यांचा आवाज, मानेवर येणारा ओघळ पदराच्या टोकाने टिपणं. मला त्या रविवारी जगातलं सगळं मिळायचं. शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीला त्याच तेलाच्या वाटीतून काय मिळत होतं ते मला दिसणं शक्यच नव्हतं. आईलाही नाही. तिने तर दोन्ही पोरींना सारखंच लावलं होतं.

तेव्हापासून मी या मालिकेतल्या मैत्र्या वेगळ्या वाचते. कोण कुणाला सोडून गेली यापेक्षा कुणाचं घर किती लांब आहे ते बघते, आणि बरंच काही जागेवर बसतं. चौथ्या पुस्तकात डॅरेलची धाकटी बहीण फेलिसिटी शाळेत येते. डॅरेलने तिच्यासाठी किती बेत केलेले असतात. पण फेलिसिटी ॲलिशियाच्या चुलत बहिणीचा, जूनचा, हात धरते. जून उर्मट आहे, डॅरेलला ती अजिबात पसंत नाही. फेलिसिटीला मात्र सुरुवातीला तीच हवी असते. मला ते आता सरळ समजतं. घर सोडून आलेल्या मुलीला लगेच घरचंच माणूस वरच्या वर्गात भेटलं तर घर सुटतही नाही आणि मिळतही नाही. तिला आधी परकं कुणीतरी लागतं. सुझन नावाची साधी, भली मुलगी तिला नंतर कळते.

आणि बिल. तिसऱ्या पुस्तकातली विल्हेल्मिना रॉबिन्सन, सात भावांची बहीण, भावांसह घोड्यावर बसून शाळेत येते. तिचा थंडर नावाचा घोडा शाळेच्या तबेल्यात असतो आणि वर्गात तिचं लक्ष लागत नाही, ती खिडकीतून तबेल्याकडे बघत राहते. शिक्षिका मिस पीटर्स तिला शिक्षा करतात, पण घोडा रात्री आजारी पडतो तेव्हा त्याच मिस पीटर्स त्याच्यासाठी धावून जातात. बिलच्या जीव तुटण्याला पुस्तकात मान आहे. घोड्यासाठी झुरलेलं चालतं. आईसाठी झुरलेलं, निदान ग्वेंडोलिनने, चालत नाही.

इथेच मला ब्लायटन यांच्याशी भांडावंसं वाटतं. ग्वेंडोलिन वाईट वागते यात शंका नाही. ती तलावात मेरी-लूला पाण्याखाली दाबते, तिचं पेन फोडते आणि शाई डॅरेलच्या बुटांना लावून आळ तिच्यावर ढकलते. पण सहाही पुस्तकांतून तिचं एक वागणं पाहा. दर टर्मला शाळेत नवी मुलगी आली की ग्वेंडोलिन सर्वांच्या आधी तिच्यापाशी जाते. दुसऱ्या वर्षी डॅफ्नी, तिसऱ्या वर्षी अमेरिकेहून आलेली झेरेल्डा, मग चष्मा आणि दातांना तार लावलेली क्लॅरिसा, पाचव्या वर्षी मोरीन. पुस्तक म्हणतं की ती श्रीमंत आणि बड्या घरच्या मुली हेरते. हेरत असेल. पण नव्या मुलीकडे पहिल्या दिवशी धावणारी मुलगी कोण असते, हे बोर्डिंगमध्ये राहिलेल्याला विचारा. जिची जुन्यांपैकी कुणीच पार्टनर नाही, ती. आणि दर वेळी नवी मुलगी रुळली की दुसरीकडे जाते. डॅफ्नी मेरी-लूची होते, क्लॅरिसा बिलची. क्लॅरिसा आणि बिल तर पुढे मिळून घोडेस्वारीची शाळा काढतात. ग्वेंडोलिन पुन्हा रांगेच्या शेवटी.

आमच्यातही एक होती. पुण्याची. तिची आई भेटीचा रविवार नसतानाही यायची, फाटकाशी उभी राहायची, ऑफिसात विनवण्या करायची. ती आली की मुलगी सगळ्यांसमोर रडायची, नळबिळ काही न सोडता. तिच्या डब्यात चॉकलेटं असायची आणि रविवारी खाऊची खोली उघडली की तिच्याभोवती गर्दी व्हायची. संध्याकाळी 'पार्टनर पकडा' झालं की ती मेट्रनचा हात धरायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. तिच्या कॉटवर महिनाभर गादी गुंडाळून ठेवलेली होती.

शेवटच्या पुस्तकात, 1951 मधल्या, ग्वेंडोलिनचं काय होतं ते मला फार काळ पुरून उरलं. स्वित्झर्लंडच्या महागड्या शाळेत जायचं म्हणून ती वडिलांशी भांडून, त्यांना लागेल असं बोलून आलेली असते. मग निरोप येतो की वडील अत्यवस्थ आहेत. ती टर्म अर्धी टाकून घरी जाते. त्या दिवशी ती रडते आणि पहिल्यांदाच तिला कुणी हसत नाही. डॅरेल तिच्याशी मायेने वागते. वडील वाचतात, पण घरची परिस्थिती बदलते. घरून ती डॅरेलला पत्र लिहिते. डॅरेल आणि सॅली मात्र दोघी मिळून स्कॉटलंडला, सेंट अँड्र्यूज विद्यापीठात जायला निघालेल्या असतात.

यावरून नागपूरवालीचं आणि माझं अजून पटलेलं नाही. माझं म्हणणं, एका मुलीच्या रडण्याला मान मिळायला तिचा बाप मरणाच्या दारी जावा लागतो, हे बरोबर नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी फलाटावर आईच्या गळ्यात पडून ती रडली, तेही तेवढंच खरं होतं. त्या दिवशी तिच्या शेजारी जाऊन बसायला पुस्तकात एक तरी मुलगी हवी होती. नागपूरवाली म्हणते, तू बसायला हवी होतीस असं तुझं म्हणणं असेल तर तसं नाही. जिला स्वतःला रडू येतंय ती रडणारीच्या शेजारी बसूच शकत नाही, बसली तर दोघी बुडतील, म्हणून तर आपण सगळ्या त्या पुण्यावालीपासून लांब पळायचो. आणि तिचा दुसरा मुद्दा असा, की घरी गेल्यावर ग्वेंडोलिनने पत्र लिहिलं ते डॅफ्नीला नाही, मोरीनलाही नाही. जिने पहिल्याच टर्मला तलावात तिला चापट्या मारल्या होत्या, त्या डॅरेलला लिहिलं. सहा वर्षं एका छपराखाली काढली की जिच्याशी भांडलो तीही आपलीच होते, असं ती म्हणते. तिची नात अजून पाचव्या पुस्तकात आहे. शेवटचं वाचून झालं की तिलाच विचारू, असं ठरलं आहे.